सीएनजी ट्रकला मोठी थ्रॉटल बॉडी : पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी १४ फुटी, सीएनजी, चार सिलिंडरचं ३.८ लिटर इंजिन, टर्बो नाही. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधून माल भरायचा आणि घोडबंदर रोडने काशिमीरापर्यंत उतरवत जायचं, हा रोजचा धंदा. कंपनीची ५० मिमीची थ्रॉटल बॉडी (पॅडल दाबलं की आतली पाती उघडून इंजिनात हवा सोडणारा भाग) काढून बाजारातली ५५ मिमीची बसवली दिवाळीनंतर. आता पावसाळाही उलटलाय, म्हणून ठामपणे सांगतो: पॅडल चपळ झालं, ओढ वाढली नाही.

डिझेलवाल्यांनी यात पडूच नये. डिझेल इंजिनाची ताकद किती डिझेल मारलं यावर ठरते. बीएस-६ डिझेलच्या हवेच्या वाटेतही पाती असते, पण ती ईजीआर आणि डीपीएफ या धूर कमी करणाऱ्या यंत्रणांच्या कामासाठी. सीएनजी इंजिन स्पार्कवर चालतं. तिथे पाती उघडेल तेवढी हवा आत जाते आणि त्या हवेच्या मापाने ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गॅस सोडतो. त्यामुळे मोठ्या थ्रॉटल बॉडीने ओढ वाढते का, हा प्रश्न आपल्यालाच लागू होतो.

५० चे ५५ मिमी म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढलं. पॅडल पूर्वीइतकंच दाबलं तरी जास्त हवा जाते, म्हणून गाडी लगेच उचलते. कापूरबावडी ते पातलीपाड्याच्या जाममध्ये, जिथे सारखं पहिला-दुसरा गिअर चालू असतो, तिथे हा फरक रोज जाणवतो. ड्रायव्हर मामांचा पाय कमी दुखतो, आणि माझ्या दृष्टीने हा फायदा छोटा नाही.

पण गायमुखच्या चढावर भरलेली गाडी नेली की खरं कळतं. पॅडल तळाला, पाती पूर्ण उघडी, आणि गाडी पूर्वी ज्या गिअरमध्ये दम टाकायची त्याच गिअरमध्ये आजही टाकते. याचा हिशेब सोपा आहे. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपलं आकारमान भरतं. २५०० आरपीएमला ३.८ लिटरचं इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त ४७५० लिटर हवा ओढणार. तेवढी हवा ५० मिमीच्या भोकातून आरामात जाते. दाबातली घट वातावरणाच्या दाबाच्या एक टक्क्याच्या आसपासच राहते. जिथे अडथळाच नव्हता तिथे वाट रुंद करून काय मिळणार? मोठ्या थ्रॉटल बॉडीच्या व्हिडिओत दिसतात ते अमेरिकन पिकअप ट्रक पेट्रोलवर चालतात, मोठे व्ही-८, पाच-सहा हजार आरपीएमपर्यंत फिरणारे. त्यांची हवेची भूक आपल्या गाडीच्या कितीतरी पट. तरीही हेडर्स (मोकळे एक्झॉस्ट पाइप), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि ट्युनिंगशिवाय त्यांनाही नुसत्या थ्रॉटल बॉडीने फार काही मिळत नाही.

सीएनजीची मूळ अडचण वेगळीच आहे. योग्य मिश्रणात जवळजवळ साडेनऊ टक्के जागा गॅसच खातो, तेवढी हवा सिलिंडरमध्ये कमी मावते. ती तूट मोठ्या भोकाने भरून निघत नाही.

बसवताना दोन गोष्टी सांभाळा. मॅनिफोल्डचं (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळकांड्याचं) तोंड ५० चंच असेल तर जोडावर पायरी पडते आणि हवा तिथे आपटते. आमच्या मेकॅनिकने तोंड तासून सलग केलं आणि गॅस्केटही नव्या मापाचं कापून लावलं. दुसरं, स्कॅनर लावून थ्रॉटल लर्निंग, म्हणजे ईसीयूला नव्या पातीची ओळख, करून घ्याच. नाही केलं तर ईसीयू जुन्या बॉडीचा हिशेब धरून बसतो, आयडल (उभ्या गाडीचं आरपीएम) चढलेलं राहतं आणि त्याचाच पी०५०७ हा फॉल्ट कोड येतो. सोबत ईसीयूचं मॅपिंग करून देतो असंही सुचवलं गेलं. ते मी करू दिलं नाही. धूर-गॅसचं गणित बिघडतं, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मूळ तपशिलाबाहेरचे बदल पासिंगला अडचणीत आणतात.

पावसाळ्यात एकच त्रास झाला, पण मोठा. नव्या बॉडीच्या कपलरचं (वायर जोडायच्या सॉकेटचं) रबरी सील ढिलं होतं. पाणी शिरलं, पातीच्या दोन्ही सेन्सरचं माप जुळेना आणि ईसीयूने गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे बिघाडात ताकद मुद्दाम कमी करून चालवायच्या अवस्थेत, टाकली. भर पावसात, माल भरलेला असताना, गाडी रेसच घेत नव्हती. सील बदलून डायइलेक्ट्रिक ग्रीस (वायरच्या जोडात पाणी शिरू न देणारं) भरल्यावर पुन्हा तसं झालं नाही. विकत घेताना बाकी काही बघितलं नाही तरी चालेल, कपलर मात्र हाताने दाबून, ओढून बघा.

मायलेज पायावर आहे. मामांच्या हाती फरक नाही. बदली ड्रायव्हर असला की गॅस जास्त जातो, कारण पॅडल आता जरा दाबलं तरी धावतं.

ओढ हवी असेल तर पैसे दुसरीकडे लावा. एअर फिल्टर, प्लग आणि त्यांचा गॅप, टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट म्हणजे क्लिअरन्स जुळवणं). सीएनजीवर व्हॉल्व्ह सीट झिजते, क्लिअरन्स कमी होत जातो, व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं. टॅपेट सेट केल्यावर गायमुखला जेवढा फरक पडला तेवढा या बॉडीने कधीच पडला नाही. जुन्या थ्रॉटल बॉडीवर तेलकट काजळी बसली असेल तर आधी ती क्लीनरने साफ करून बघा. अर्ध्या लोकांची तक्रार तिथेच मिटेल.

या गाडीवर मी ती ठेवणार आहे, कारण हिचं आयुष्य जाममध्येच जातं. दुसरी गाडी तळोजा एमआयडीसीचा माल घेऊन हायवेला धावते. तिला बसवणार नाही. तिच्यासाठी टॅपेट आणि फिल्टरचं काम या महिन्यात लावलंय.