एसक्यूएल सर्व्हरच्या डीबीएला लिनक्स शिकायचंय? डब्ल्यूएसएल कुठवर पुरतं आणि कुठे अपुरं पडतं

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, कुठल्याही सपोर्ट टीममध्ये विचारा: वर्षानुवर्षं विंडोजवर एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस सांभाळलेल्या डीबीएच्या, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाच्या, गळ्यात एक दिवस लिनक्सचे सर्व्हर पडतात. क्वेरीची भाषा टी-एसक्यूएल तीच असते, बॅकअपचं शास्त्रही तेच. अडतं ते मॅनेजमेंट स्टुडिओ या विंडोजवरच्या टूलच्या बाहेर: फाइल कुठे आहे, कुणाची आहे, डिस्क कशाने भरली, सर्व्हिस का उठत नाही. या कामांचा हात बसवण्यासाठी विंडोजमध्येच फुकट मिळणारं डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोज सबसिस्टम फॉर लिनक्स, कितपत कामाचं आहे, ते इथे तपासलं आहे. थोडक्यात मत असं: फाइल, परवानग्या, लॉग आणि स्क्रिप्ट यांच्यासाठी उत्तम. डिस्क, नेटवर्क आणि मर्यादित अधिकार यांच्यासाठी अपुरं.

आधी बसवणं. विंडोज ११ वर अ‍ॅडमिन म्हणून पॉवरशेल उघडून ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’ दिलं आणि मशीन रीस्टार्ट केलं की उबुंटू हे लिनक्स येतं. पण नुसतं एवढंच देऊ नका. एसक्यूएल सर्व्हर २०२२ चा सराव करायचा असेल तर ‘-डी उबुंटू-२२.०४’ जोडून तीच आवृत्ती मागून घ्या. २४.०४ वर २०२२ चं पॅकेज जुन्या लायब्ररी मागतं आणि इन्स्टॉल तिथेच अडकतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर ०एक्स८०३७०१०२ हा एरर आला तर बहुधा बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असतं. ते आयटीकडूनच चालू करून घ्यावं लागेल. कंपनीचा व्हीपीएन जोडल्यावर ‘एपीटी अपडेट’ (पॅकेजची यादी ताजी करणारी कमांड) नाव रिझॉल्व्ह होत नाही म्हणून थांबलं, तर विंडोज ११ च्या २२एच२ पासून पुढे ‘नेटवर्किंगमोड=मिरर्ड’ हे सेटिंग बहुतेक वेळा काम करतं.

हे सेटिंग आणि मेमरीची मर्यादा, दोन्ही तुमच्या विंडोज यूझरच्या फोल्डरमधल्या ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ फाइलमध्ये जातात. नोटपॅड तिच्या शेपटीला गुपचूप ‘.टीएक्सटी’ लावतो आणि मग कुठलंच सेटिंग लागत नाही. सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडा. काहीच सांगितलं नाही तर डब्ल्यूएसएल मशीनच्या निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं. १६ जीबीच्या लॅपटॉपवर ६ जीबी ठरवून द्या. एसक्यूएल सर्व्हरला किमान २ जीबी लागते आणि दिसेल त्या मेमरीच्या ८० टक्क्यांपर्यंत घ्यायची त्याला मुभा असते. बदल केल्यावर ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’ द्यायला विसरू नका.

एसक्यूएल सर्व्हर लिनक्सवर २०१७ च्या आवृत्तीपासून आहे. डेव्हलपर एडिशन फुकट आहे, सेटअप दोन-तीन प्रश्नांत संपतो. त्यानंतर पहिली ठेच लागते ती एसक्यूएलसीएमडी या कमांड-लाइनवरून क्वेरी चालवणाऱ्या टूलला. टूल्सची १८ वी आवृत्ती कनेक्शन एन्क्रिप्ट करायचा आग्रह धरते, आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट त्यानेच सही केलेलं असल्याने कनेक्शन नाकारलं जातं. सरावाच्या मशीनवर मोठ्या लिपीतला ‘-सी’ हा स्विच द्या, प्रॉडक्शनवर रीतसर सर्टिफिकेट बसवा. पासवर्ड कमांडमध्ये लिहू नका. तो हिस्टरीत राहतो आणि ‘पीएस’च्या, म्हणजे चालू प्रोसेसच्या, यादीत इतरांना दिसू शकतो. त्यासाठी ‘एसक्यूएलसीएमडीपासवर्ड’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. पासवर्डात डॉलरचं चिन्ह असेल तर तो एकेरी अवतरणात ठेवा, नाहीतर शेल त्या चिन्हापुढचा भाग व्हेरिएबल समजून गिळून टाकतं.

आता डब्ल्यूएसएल ज्यासाठी खरोखर वापरावं, त्याकडे. विंडोजवरून येणाऱ्या माणसाला कमांडची नावं पाठ करणं जड जात नाही. जड जातं ते हे, की विंडोज जिथे अडवतं तिथे लिनक्स अडवत नाही. वापरात असलेली फाइल विंडोज डिलीट करू देत नाही, लिनक्स निमूटपणे करू देतं. हा फरक वाचून अंगवळणी पडत नाही, हाताने करूनच बघावा लागतो.

तो असा बघा. ‘एफअ‍ॅलोकेट -एल १जी मोठी.लॉग’ देऊन एक जीबीची फाइल तयार करा. दुसऱ्या खिडकीत तिच्यावर ‘टेल -एफ’ लावून ठेवा. पहिल्या खिडकीत ‘डीएफ -एच’ने दाखवलेला डिस्कच्या जागेचा आकडा टिपा, ‘आरएम’ने फाइल काढा आणि आकडा पुन्हा बघा. ‘एलएस’मध्ये फाइल नाही, पण जागा एका बाइटनेही मोकळी झालेली नाही. ‘सुडो एलएसओएफ +एल१’ दिलं (‘सुडो’ म्हणजे कमांड पूर्ण अधिकाराने चालवणं) की तीच फाइल ‘डिलीटेड’ असा शेरा घेऊन दिसते, शेजारी ती धरून बसलेल्या प्रोसेसचा नंबर. ‘टेल’ बंद केलं की त्याच क्षणी जागा सुटते. कारण सरळ आहे: ‘आरएम’ फक्त डिरेक्टरीतलं नाव पुसतं. फाइल उघडून बसलेली शेवटची प्रोसेस तिला सोडेपर्यंत डिस्कवरचा मजकूर तसाच राहतो.

प्रॉडक्शनवर याची दोन रूपं भेटतात. एखादी प्रोसेस सतत लिहीत असलेली भलीमोठी लॉग फाइल कुणीतरी उडवतो, डिस्क तरीही १०० टक्के दाखवते आणि घाबरून आणखी चार फाइल्स उडवल्या जातात. अशा फाइलवर ‘ट्रंकेट -एस ०’ चालवायचं असतं, ‘आरएम’ नाही. दुसरं रूप जास्त भयंकर आहे. चालू डेटाबेसची एमडीएफ, म्हणजे मुख्य डेटा फाइल, ‘आरएम’ने गेली तरी डेटाबेस उत्तरं देत राहतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. पुढच्या रीस्टार्टला तो ‘रिकव्हरी पेंडिंग’मध्ये उभा असतो. असं झाल्याचं लक्षात आलं तर पहिला नियम: सर्व्हिसला हात लावायचा नाही. लगेच बॅकअप घेऊन बघायचा. प्रोसेस जिवंत आहे तोवर ती फाइल ‘/प्रॉक’मधल्या तिच्या ‘एफडी’ फोल्डरातूनही पोचण्याजोगी असते. सरावाच्या डेटाबेसवर हे एकदा जरूर करून बघा. त्याआधी ‘डब्ल्यूएसएल --एक्सपोर्ट’ने सगळं एका टार फाइलमध्ये काढून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तरी ‘--इम्पोर्ट’ने परत उभं करता येतं. ‘--अनरजिस्टर’ मात्र काही न विचारता सगळं पुसतं, तेव्हा ती कमांड जपून.

परवानग्यांचा सरावही इथे अव्वल होतो. विंडोजवरून आणलेली बॅकअप फाइल आपल्या होम फोल्डरात ठेवून रीस्टोर द्या. उत्तर येतं: ‘ऑपरेटिंग सिस्टम एरर ५, अ‍ॅक्सेस इज डिनाइड’. लिनक्सवर असूनही हा आकडा विंडोजचाच आहे, त्यामुळे ओळखीचा वाटतो आणि लोक चुकीच्या दिशेने शोधत सुटतात. ते मग फाइलला ‘सीएचमॉड ७७७’, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, देतात आणि तरीही एरर जात नाही. उबुंटू २२.०४ मध्ये होम फोल्डरची परवानगी ७५० असते, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर ज्या नावाने चालतो त्या ‘एमएसएसक्यूएल’ यूझरला त्या फोल्डरातून आत शिरण्याचाच हक्क नाही. फाइलपर्यंतच्या वाटेवरच्या प्रत्येक फोल्डरवर ‘एक्स’ परवानगी लागते. ‘नेमआय -एल’ला पूर्ण पाथ द्या, तो प्रत्येक पायरीचा मालक आणि परवानगी एकाखाली एक मांडतो आणि अडलेली पायरी लगेच दिसते. खात्रीसाठी ‘सुडो -यू एमएसएसक्यूएल एलएस’ त्याच पाथवर चालवा. उपाय म्हणजे ‘/व्हार/ऑप्ट/एमएसएसक्यूएल’खाली ‘बॅकअप’ फोल्डर करून फाइल तिथे हलवणं आणि ‘सीएचओन’ने मालकी ‘एमएसएसक्यूएल’ला देणं. एरर ५ गेल्यावर पुढचा एरर पाथचा येईल, कारण बॅकअपमध्ये जुने ‘डी:’ड्राइव्हचे पाथ असतात. तिथे फाइल्सचा नवा पाथ सांगणारं ‘विथ मूव्ह’ लागतंच.

इथेच एक बारीक खोच आहे. ‘सुडो एलएस /व्हार/ऑप्ट/एमएसएसक्यूएल/डेटा/*.एमडीएफ’ दिलं तर ‘फाइल नाही’ असं उत्तर येतं, फाइल्स जागेवर असूनही. ताऱ्याचा विस्तार ‘सुडो’च्या आधी तुमचं शेल करतं, आणि तुमच्या यूझरला त्या फोल्डरात डोकावता येत नाही. ‘सुडो बॅश -सी’ला पूर्ण कमांड एकेरी अवतरणात द्या. ‘सुडो एको’चा मजकूर ‘>’ने संरक्षित फाइलमध्ये जात नाही त्यामागेही हेच कारण, तिथे ‘सुडो टी’ वापरतात.

नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट ‘बॅड इंटरप्रीटर’ म्हणून आपटते. प्रत्येक ओळीच्या शेवटी विंडोजचं जास्तीचं अक्षर असतं, ‘डॉस२युनिक्स’ ते काढतं. विंडोज सर्व्हरची एररलॉग फाइल इकडे आणून ‘ग्रेप’ केली तर हाती काही लागत नाही, कारण ती यूटीएफ-१६ मध्ये असते. आधी ‘फाइल’ कमांडने तपासा, मग ‘आयकॉन्व्ह’ने यूटीएफ-८ करा. जुने बॅकअप काढायला ‘फाइंड’ वापरताना ‘-एमटाइम +७’ म्हणजे सात नव्हे, पूर्ण आठ दिवस झालेल्या फाइल्स. आधी ‘-प्रिंट’ने यादी डोळ्यांखालून घाला आणि मगच शेवटी ‘-डिलीट’ लावा. ‘-डिलीट’ जर ‘-नेम’च्या आधी आलं तर नावाची अट तपासण्यापूर्वीच फाइल गेलेली असते.

ठरल्या वेळी कामं चालवायला एसक्यूएल एजंटची सवय असलेल्यांनी क्रॉनला, म्हणजे त्याच कामाच्या लिनक्समधल्या व्यवस्थेला, वेगळा वेळ द्यावा. क्रॉनचा पाथ अगदी तोकडा असतो, म्हणून हाताने चालणारी स्क्रिप्ट रात्री ‘एसक्यूएलसीएमडी सापडत नाही’ म्हणते. पूर्ण पाथ लिहा. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह नवी ओळ मानलं जातं, त्यामुळे फाइलच्या नावात तारीख घालताना त्याच्या आधी बॅकस्लॅश हवा. शिवाय डब्ल्यूएसएल विंडोजची वेळ उचलतं, तर क्लायंटचे बरेचसे सर्व्हर यूटीसीवर असतात. तिथे पहाटे दोनला लावलेला बॅकअप पुण्यात सकाळी साडेसातला सुरू होतो. ‘टाइमडेटसीटीएल’ बघितल्याशिवाय वेळ ठरवू नका.

आता उणिवा. टर्मिनलच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की डब्ल्यूएसएल थोड्या वेळात आतून सगळं थांबवतं. सिस्टमडीच्या, म्हणजे लिनक्सच्या सर्व्हिस-मॅनेजरच्या, सर्व्हिस त्याला जागं ठेवत नाहीत, म्हणून रात्रीचा क्रॉन जॉब सकाळी झालेला नसेल तर दोष तुमच्या ओळीत शोधत बसू नका. लिनक्समधून फाइल्स काढल्या तरी सी ड्राइव्हवरची व्हीएचडीएक्स फाइल (डब्ल्यूएसएलची आभासी डिस्क) आपोआप आकसत नाही. २५६ जीबीच्या लॅपटॉपवर हे लवकर जाणवतं. शटडाउन करून ‘डिस्कपार्ट’मधून ‘कॉम्पॅक्ट व्हीडिस्क’ करावं लागतं. ‘/एमएनटी/सी’वर डेटा फाइल्स ठेवू नका: वेग कमी, आणि तिथल्या फाइल्सवर ‘सीएचमॉड’चा खरा परिणामच होत नाही.

याहून मोठी उणीव अधिकारांची. डब्ल्यूएसएलमध्ये तुम्हाला पूर्ण सुडो मिळतं. क्लायंटच्या सर्व्हरवर मोजक्या चार कमांडपुरतं मिळेल, म्हणून पहिल्या दिवशी ‘सुडो -एल’ देऊन आपल्याला काय करता येतं ते बघण्याची सवय लावा. रेड हॅट या लिनक्सवर एसईलिनक्स ही सुरक्षेची जादा चाळणी असते, म्हणजे मालकी आणि परवानगी बरोबर असूनही नकार येऊ शकतो. तो अनुभव डब्ल्यूएसएलच्या नेहमीच्या कर्नलमध्ये मिळत नाही. एलव्हीएमवर (डिस्कची जागा लवचीकपणे वाटून-वाढवून देणारी व्यवस्था) डिस्क वाढवणं, ‘एफएसटॅब’मधल्या (बूट होताना जोडायच्या डिस्कची यादी) चुकीमुळे सर्व्हर बूट न होणं, हेही नाही. डिस्कवरचा ताण दाखवणारं ‘आयओस्टॅट’ वाचायला शिका, पण त्यातल्या आकड्यांवरून कामगिरीचे निष्कर्ष काढू नका.

एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन, आणि कनेक्शन तुटलं तरी टर्मिनलचं सेशन जिवंत ठेवणारं टीमक्ससुद्धा इथे पुरते कळत नाहीत. पावसाळ्यात वाकड-वाघोलीकडे घरून काम करताना लाइट गेली, राउटर बंद पडला आणि एसएसएच तुटलं, तर त्या सेशनमधल्या एसक्यूएलसीएमडीने चालवलेलं रीस्टोरही तिथेच मरतं. टीमक्समध्ये चालवलं तर सर्व्हरवर चालू राहतं, आणि परत जोडल्यावर ‘टीमक्स अटॅच’ने तिथेच पोचता येतं. ही सवय खऱ्या दूरच्या मशीनवरच लागते.

म्हणून आमची शिफारस: पहिले दोन आठवडे डब्ल्यूएसएल, त्यानंतर क्लाउडवर एक लहान व्हीएम (व्हर्च्युअल मशीन), शक्यतो रेड हॅटच्या घराण्यातली. मायक्रोसॉफ्टच्या अझर क्लाउडचा ‘सेंट्रल इंडिया’ रीजन पुण्यातच आहे, त्यामुळे टर्मिनलमध्ये टायपिंग अडखळत नाही. तिला एक जास्तीची डिस्क जोडा, एलव्हीएम करा, डेटा फाइल्स तिथे हलवा. दिवसाचा सराव संपला की व्हीएम पोर्टलमधून ‘स्टॉप’ करा, म्हणजे ती डीअलोकेट होते. लिनक्सच्या आतून शटडाउन दिलं तर व्हीएम बंद दिसते पण कंप्युटचं बिल चालूच राहतं. डिस्कचे पैसे दोन्ही बाबतींत लागतात, तेव्हा सराव पुरा झाल्यावर ती जास्तीची डिस्क वेगळी डिलीट करा.