पहिली नोकरी: मुंबईचं मोठं ऑफिस की फोंड्यातलं छोटं?

पणजीच्या आल्तिनो टेकडीवरच्या आर्किटेक्चर कॉलेजातून पाच वर्षं करून बाहेर पडलेली मुलं भेटली की विचारतात, मुंबई-बेंगळुरूचं मोठं ऑफिस धरू की गोव्यातच राहू? मी दोन्ही केलंय. आधी दोन वर्षं मुंबई, मग फोंड्यातलं चार माणसांचं ऑफिस.

मुंबईत हात बसतो, यात वाद नाही. रेविट या सॉफ्टवेअरमधल्या इमारतीच्या एकाच थ्रीडी मॉडेलवर स्ट्रक्चरवाले, प्लंबिंगवाले, एसीवाले सगळे असतात. बीम आणि एसीचा डक्ट कुठे एकमेकांना भिडतात ते बांधकामाआधीच पकडायची सवय मला तिथेच लागली. फोंड्यात आमचं बरंचसं काम अजून ऑटोकॅडवर, म्हणजे सपाट रेघांच्या ड्रॉइंगवर चालतं. हॉस्पिटलं, विमानतळ अशी कामं डोळ्यासमोर असतील तर मुंबईच बरी. पगार तिथे जास्त, पण खोलीचं भाडं वजा केल्यावर माझ्या हातात उरायचं ते सारखंच.

मला खटकलं ते वेगळंच. खिडकीवरच्या छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी ड्रिपची खाच असते. ती मी दोन वर्षं प्रत्येक ड्रॉइंगमध्ये थेट भिंतीपर्यंत काढत आलो. कुणी चूक म्हटलं नाही. ड्रॉइंग पुढे जायचं, साइट दुसरंच कुणी बघायचं, आणि भिंत ओली झाली की नाही हे मला कधी कळायचंच नाही.

फोंड्यात तेच डिटेल दिलं. जूनमध्ये घरमालकिणीचा फोन आला: छज्ज्याच्या कोपऱ्यात चिऱ्याच्या भिंतीला ओल धरलीय. भर पावसात जाऊन पाहिलं, तर पाणी खाचेतूनच भिंतीकडे चाललं होतं. दुसऱ्या साइटवरच्या वयस्क मेस्त्रींना ड्रॉइंग दाखवलं. ते म्हणाले, "बाब, खाच भिंतीच्या दोन इंच अलीकडे थांबव. ही तर तूच पाण्याला वाट करून दिलीस." मग त्यांनी ओल्या प्लास्टरात लाकडी पट्टी दाबली, भिंतीपाशी दोन इंच सोडून, आणि प्लास्टर आवळल्यावर ती अलगद काढून घेतली.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. इथे काढलेली रेघ चार महिन्यांत तपासून मिळते. रेविट मी संध्याकाळी बसून पुढे नेलं. तो ओला कोपरा मात्र मुंबईत मला दिसला नसता.

अर्थात, नवख्याला वर्षभर नुसत्या परवानग्यांच्या फाइली घेऊन फिरवणारी छोटी ऑफिसंही असतात, आणि मोठ्यांतही साइटवर पाठवणारी असतील. म्हणून इंटरव्ह्यूला जाल तिथे एवढं विचारा: मी काढलेलं काम पहिल्या पावसात बघायला मला पाठवाल का?