वसंतातल्या बर्फासाठी ‘व्हाइट रिस्क’ अ‍ॅप: नकाशाचा रंग पाहून निघू नका

दावोसच्या एसएलएफ या स्विस हिमसंशोधन संस्थेचं हे अ‍ॅप फुकट आहे. स्वित्झर्लंडच्या डोंगरांत स्की-टूरिंग (स्की लावून डोंगर चढणं-उतरणं) करायचं असेल, तर दुसरं काही शोधू नये. मात्र मार्च-एप्रिलमध्ये ते वापरायची रीत बदलते.

त्यातलं हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन संध्याकाळी ५ ला येतं आणि सकाळी ८ ला सुधारून येतं. धोक्याच्या पायऱ्या १ ते ५. वसंतात अडचण अशी, की उन्हानं बर्फ मऊ होण्याआधी उतरायचं म्हणून पहाटे निघावं लागतं, आणि ८ वाजता तुम्ही अर्धा डोंगर चढलेले असता. म्हणजे निर्णय आदल्या संध्याकाळच्या बुलेटिनवरच घ्यावा लागतो. त्यात कोरड्या आणि ओल्या हिमस्खलनाचा धोका वेगळा लिहितात, तो मजकूर शेवटपर्यंत वाचा. सकाळी पायरी २ वर असलेला धोका दुपारी पायरी ३ वर जाणार असेल, तर ते तिथेच कळतं.

पहाटे निघण्याआधी मोजणी केंद्रांचे आलेख उघडा. अ‍ॅपची खरी किंमत तिथे आहे. हवेचं तापमान आणि बर्फाच्या पृष्ठभागाचं तापमान, दोन्ही रेषा बघा. निरभ्र रात्री बर्फ आकाशाकडे उष्णता टाकतो. हवा +२ अंश असली तरी पृष्ठभाग शून्याच्या बराच खाली जातो आणि वर कडक थर धरतो. ढगाळ रात्री मात्र पृष्ठभागाची रेषा शून्याला चिकटून राहते. म्हणजे रात्रभर काही गोठलंच नाही, आणि उजाडतानाच बर्फ कालच्या दुपारइतका मऊ असतो. अशा दिवशी बेत सरळ रद्द करावा.

नकाशावरचा उताराचा थरही चांगला आहे: ३० अंशांपुढचे उतार रंगवलेले दिसतात. चूक होते ती फक्त स्वतःच्या वाटेचा रंग बघण्यात. वाट २० अंशांची असेल, पण डोक्यावर ३८ अंशांचा पूर्वाभिमुख उतार असेल, तर सूर्य आधी त्यालाच गाठतो आणि बर्फ आपोआप सुटून खाली येतो. पूर्व, मग दक्षिण, मग पश्चिम असा क्रम धरून उतरायची वेळ ठरवा. बूट घोट्याच्या वर रुतायला लागले, तर तिथून वळा.

अ‍ॅपला न दिसणारी गोष्ट म्हणजे गवताळ उतारावरच्या बर्फात पडलेली अर्धचंद्राकृती भेग. तिथे बर्फाचा सगळा थर जमिनीवरून घसरतो, तोही कोणत्याही वेळी, अगदी मध्यरात्रीसुद्धा. भेगेखाली थांबून डबा उघडू नये.

उणिवा? मोसम संपला की रोजचं बुलेटिन थांबतं. उन्हाळ्यात बराच बर्फ पडला तरच येतं. भाषा जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि इंग्रजी. आणि मनाली-गुलमर्गला जाणाऱ्यांनी यावर विसंबू नये, धोक्याचे नकाशे तिथले नाहीत; त्यांनी डीआरडीओच्या डीजीआरई संस्थेचं बुलेटिन बघावं.