स्टिअरिंग सैल झालंय: बॉक्स बदलायचा, ट्रॅक बार की बॉल जॉइंट?

अमेरिकेत किंवा कॅनडात कॅम्पर, बोट ओढायला जुनी डिझेल पिकअप घेणारे मराठी लोक आता बरेच आहेत. लाखभर मैल चाललेली फोर्ड सुपर ड्यूटी, रॅम २५०० किंवा शेव्हरोले सिल्व्हेराडो २५००एचडी. काही महिन्यांत तक्रार सुरू होते, "हायवेवर गाडी सरळ जात नाही, सारखी सावरावी लागते." गॅरेजमध्ये नेली की बहुतेक वेळा स्टिअरिंग बॉक्सचं (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी गिअरपेटी) कोटेशन हातात पडतं. बॉक्स कधी कधी खरंच गेलेला असतो. पण माझं ठाम मत आहे की त्याच्यावर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा, कारण तो महाग आहे आणि त्याच्या पुढे झिजणारे सांधे त्याच्याआधी सैल पडतात.

पहिला फरक पुढच्या एक्सलचा. फोर-व्हील-ड्राइव्ह रॅम २५०० आणि २००५ पासूनच्या फोर्ड एफ-२५०ला पुढे अखंड एक्सल आणि कॉइल स्प्रिंग असतात. हा एक्सल आडवा सरकू नये म्हणून चॅसीपासून एक्सलपर्यंत एक तिरका दांडा असतो, तो ट्रॅक बार. त्याचा बुश (रबरी सांधा) किंवा बॉल जॉइंट (गोळीचा फिरता सांधा) सैल झाला, की स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं वळण्याआधी अख्खा एक्सलच किंचित बाजूला सरकतो. हाताला हे अगदी बॉक्सच्या ढिलेपणासारखं लागतं, आणि गफलत नेमकी इथेच होते. १९९४ ते २००२ च्या रॅममध्ये ट्रॅक बारच्या चॅसीकडच्या टोकाला बॉल जॉइंट आहे आणि तो झिजण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. सिल्व्हेराडो एचडीला मात्र ट्रॅक बारच नाही. तिचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र, टॉर्शन बारचं, म्हणजे पिळल्या जाणाऱ्या दांड्याच्या स्प्रिंगचं. तिथे पिटमन आर्म (बॉक्समधून निघणारा हात) आणि आयडलर आर्म (दुसऱ्या बाजूने लिंकेजला आधार देणारा हात) आधी बघायचे, विशेषतः २००१ ते २०१० च्या गाड्यांत.

दोष कुठला हे ठरवायला एक साधी चाचणी पुरते, दोन माणसं हवीत. चाकं जमिनीवर, इंजिन चालू, हँडब्रेक लावलेला, मागच्या चाकांना अटकाव. एकाने स्टिअरिंग घड्याळाच्या ११ आणि १ च्या मध्ये हलकं डावी-उजवी हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली बघायचं, हालचाल कुठे हरवते ते. स्टिअरिंग हलतं पण बॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट हलत नाही, तर मधल्या शाफ्टचा सांधा गेला. शाफ्ट हलतो, पिटमन आर्म थांबून थांबून हलतो, तेव्हा दोष बॉक्सचा. पिटमन आर्म लगेच हलतो पण पुढे टाय रॉड एंडमध्ये (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) खटका आहे, तर तो एंड. आणि हे सगळं ठीक असून एक्सल चॅसीच्या तुलनेत सरकतो, तेव्हा ट्रॅक बार. जॅकवर उचलून हे करू नका. वजन उतरलं की सांध्यांची जागा बदलते आणि ढिलेपणा लपू शकतो.

चाकाजवळच्या बॉल जॉइंटसाठी मात्र गाडी उचलावीच लागते. अखंड एक्सल असेल तर जॅक एक्सलखाली, टॉर्शन बार असेल तर खालच्या कंट्रोल आर्मखाली, म्हणजे जॉइंटवरचा ताण सुटतो. टायरखाली पहार घालून वर-खाली हलवून बघा. चाक हाताने १२ आणि ६ वर धरून हलवलं आणि प्ले दिसला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. बॉल जॉइंटचा आणखी एक वेगळाच दोष आहे. तो सैल नसतो, तर अडकलेला असतो. वळण घेतल्यावर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, गाडी त्याच बाजूला ओढत राहते. अशा गाडीला नवा बॉक्स लावला तरी काही फरक पडणार नाही.

खड्डा किंवा पुलाचा सांधा लागला की स्टिअरिंग जोरात थरथरतं आणि वेग उतरल्याशिवाय थांबत नाही, याला अमेरिकेत "डेथ वॉबल" म्हणतात. हा मुख्यतः अखंड एक्सलचा आजार. नवा स्टिअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा शॉक) तो काही महिने झाकतो, म्हणूनच लोक तो आधी लावतात. तसं करू नये. ट्रॅक बार, बॉल जॉइंट, टायरची झीज आणि बॅलन्सिंग आधी, डॅम्पर नंतर. २००३ ते २००८ च्या रॅममध्ये टाय रॉड थेट ड्रॅग लिंकला (पिटमन आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) जोडलेला असतो. सस्पेन्शन वर-खाली झालं की टो (दोन्ही चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बदलतो. त्यावर नंतरच्या रॅमच्या मांडणीचं लिंकेज बसवणं हा चांगला खर्च आहे.

स्टिअरिंग जड होत असेल तर प्रश्नच वेगळा. डिझेल गाड्यांत ऑइलच्या दाबाने ब्रेकला जोर देणारी हायड्रोबूस्ट यंत्रणा पॉवर स्टिअरिंगच्याच पंपावर चालते. म्हणून ब्रेक दाबतानाही स्टिअरिंग जड होत असेल, तर आधी ऑइल, बेल्ट आणि पंप बघा. बॉक्सवरचा अॅडजस्टिंग स्क्रू आवळणं टाळाच. जास्त आवळला तर मध्यावर स्टिअरिंग अडकतं आणि गाडी आणखी भटकते.

गाडी फक्त ट्रेलर जोडल्यावरच तरंगत असेल तर स्टिअरिंगवर पैसे घालू नका. मागे वजन पडलं की पुढचा भाग उचलला जातो आणि पुढच्या टायरवरचं वजन कमी होतं. वजन पुढे वाटणारी हिच आणि मागच्या टायरची हवा, एवढंच तपासा.

सांधे बदलल्यावर अलाइनमेंट करून घ्याच, आणि छापील रिपोर्ट मागा. त्यात टोबरोबर दोन्ही बाजूंचा कॅस्टरही (चाक ज्या अक्षावर वळतं तो मागे किती कललाय तो कोन) वाचा. कॅस्टर कमी असेल तर सगळे भाग नवे असूनही गाडी भटकेल. अखंड एक्सलवर तो सुधारायला रॅमला कॅम बोल्ट आणि फोर्डला वरच्या बॉल जॉइंटचा वेगळा बुश लागतो. हे काम गॅरेज करतं का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.