बँक्सी की फेअरी? ठाण्यातल्या घरासाठी

ठाण्यात भिंतीवरचं राजकारण म्हणजे भाऊ-दादांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. त्यामुळे राजकीय चित्र घरात लावायला विकत आणतोय म्हटलं की घरचेच विचारतात, "पैसे देऊन?" हो, पैसे देऊन. कुणाचं घ्यायचं, एवढंच ठरवायचं.

पहिलं नाव बँक्सीचं येतं, म्हणजे ओळख लपवून भिंतींवर चित्रं काढणाऱ्या ब्रिटिश कलाकाराचं. त्याच्या 'गर्ल विथ बलून'चे २००४ मध्ये १५० सहीचे आणि ६०० बिनसहीचे स्क्रीनप्रिंट निघाले. आज बिनसहीच्या एका प्रतीच्या पैशांत घोडबंदरच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट होईल. २०१८ च्या लिलावात याच चित्राचा कॅनव्हास हातोडा पडताच फ्रेममध्ये लपवलेल्या यंत्राने अर्धा कातरला गेला, आणि तोच अर्धवट चिरलेला कॅनव्हास २०२१ मध्ये १ कोटी ८५ लाख पौंडांना गेला. व्यवस्थेची टिंगल करणाऱ्याची अशी चांदी झाल्यावर नकली माल यायचाच. त्याचे प्रिंट विकणारी 'पिक्चर्स ऑन वॉल्स' ही कंपनी बंद झाली, म्हणजे जुने प्रिंट दुसऱ्या हातातूनच मिळणार. तिथे सगळी मदार 'पेस्ट कंट्रोल'च्या प्रमाणपत्रावर. २००८ पासून बँक्सीचं काम खरं की खोटं हे तेच कार्यालय सांगतं. प्रमाणपत्राला राजकुमारी डायनाचा चेहरा छापलेली नकली नोट अर्धी फाडून जोडलेली असते. ते नसेल तर विक्रेता कितीही गोड बोलो, पुढे जाऊ नका. 'आफ्टर बँक्सी' किंवा 'वेस्ट कंट्री प्रिन्स' लिहिलेला प्रिंट म्हणजे प्रतिकृती. शोभेला ठीक, संग्रहाला नाही.

ओबामाच्या प्रचारातल्या 'होप' पोस्टरवाल्या अमेरिकन शेपर्ड फेअरीचं गणित वेगळं. तो अजून नियमित नवे प्रिंट काढतो आणि स्वतःच्या साइटवरून विकतो. नेहमीचा आकार १८ बाय २४ इंच, प्रती काहीशे, खाली पेन्सिलीने सही आणि क्रमांक, किंमत बहुतेकदा शंभर डॉलरच्या आत. नवा प्रिंट लॉस एंजेलिसच्या वेळेनुसार सकाळी दहाला विक्रीला येतो, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. कार्डावर परदेशी व्यवहार आधीच सुरू करून ठेवा. माझा एक प्रिंट निव्वळ ओटीपीची वाट बघण्यात गेला, आणि त्याच रात्री ईबेवर चढ्या भावात दिसला. टपालखर्च, कस्टम, जीएसटी हे सगळं आधीच धरा, नाहीतर दारात कुरिअरवाल्याशी हुज्जत ठरलेली.

गुंतवणूक म्हणून मात्र फेअरी घेऊ नका. तो इतकं काढतो की बहुतेक प्रिंटना बँक्सीसारखा भाव यायचा नाही. बघायला आवडतो म्हणून घ्यायचा असेल तर मी डोळे मिटून त्याच्याच बाजूने.

खरा शत्रू पाऊस आहे. माझा पहिला प्रिंट फ्रेमवाल्याने साध्या पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवला. दुसऱ्या पावसाळ्यात त्यावर तपकिरी ठिपके आले आणि कडेला कसर लागली. फ्रेमवाला विचारेल, "लॅमिनेशन करू का?" नको म्हणा. ॲसिड-फ्री माउंट (आम्ल नसलेला पुठ्ठा), काच आणि कागद यांत फट, पाठीमागे चिकटपट्टीऐवजी कागदी बिजागरी, एवढं उभं राहून करून घ्या. बाथरूमला लागून असलेली आणि पावसाचा मारा बसणारी भिंत टाळा. बँक्सी घेणाऱ्याला तर हे दुप्पट लागू, कारण तिथे एका ठिपक्याने लाख जातात.

आणि नुसता विचार भिंतीवर हवा असेल, क्रमांक नि सही नको, तर एक पैसाही बाहेर पाठवू नका. २०१७ च्या जानेवारीत, ट्रम्पच्या शपथविधीच्या वेळी, फेअरीची 'वी द पीपल' पोस्टर्स 'ॲम्प्लिफायर' या संस्थेने फुकट डाउनलोडला ठेवली होती. लोकांनी ती छापून मोर्चात नेली. माझं एक नौपाड्यात छापलेलं आहे, हॉलमधल्या ओल्या भिंतीवर. त्याला लॅमिनेशनसुद्धा केलंय.