रातांबे, मुठेल आणि सौर वाळवणी पेटी: आठ महिन्यांनंतर

मार्चअखेरीस घेतलेली सौर वाळवणी पेटी राजापूर तालुक्यातील आमच्या अंगणात आता आठ महिने आहे. आतून काळा रंग, वर तिरकी काच, तळाला अॅल्युमिनियमचा पत्रा, पुढे खाली आणि मागे वर हवेसाठी एकेक झडप व आत दोन जाळ्या, एवढाच तिचा थाट. विक्रेत्याने ‘सत्तर अंशांपर्यंत तापते’ हे वारंवार सांगितले. झडपांविषयी मात्र तो चकार शब्द बोलला नाही आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

पहिल्या घाण्याला रातांब्यांची (कोकमाच्या फळांची) सोले, म्हणजे साली, वाळत घातली आणि उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून मी दोन्ही झडपा बंद ठेवल्या. तासाभरात काचेला आतून घाम फुटला, त्याचे थेंब सोलांवर टपकू लागले आणि संध्याकाळी सोले वाळण्याऐवजी उकडल्यासारखी लिबलिबीत झाली. वाळवते ती नुसती उष्णता नव्हे, तापलेली कोरडी हवा वाळवते. ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची आपली किनाऱ्यावरची हवा ५५ अंशांपर्यंत तापली, की तिच्यात पाणी तेवढेच राहूनही सापेक्ष आर्द्रता साधारण २२ टक्क्यांवर येते. अशी तहानलेली हवा सोलांवरून जाऊन वरच्या झडपेने बाहेर पडली पाहिजे. झडपा उघडल्यावर तापमान दहाएक अंशांनी उतरले, पण वाळवण झपाट्याने होऊ लागले. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, बुडवून पुटे देत अंगणात सहा-सात दिवस लागणारी आमसुले पेटीत चार दिवसांत झाली आणि मे महिन्यातल्या अवकाळी सरीच्या वेळी धावपळ करावी लागली नाही.

फणसपोळीच्या बाबतीत मात्र घाई अंगाशी आली. जाड थापलेल्या पोळीची वरची साय कडक झाली, आतला ओलावा अडकला आणि पंधरवड्याने मधोमध बुरशी दिसली. आता मी थर पातळ घालते आणि पहिल्या दिवशी पेटीवर जुन्या धोतराचे फडके टाकून ऊन सौम्य करते.

मुठेलाचा प्रयोग निव्वळ हौसेचा होता. रातांब्याच्या बिया कुटून, उकळून काढलेल्या या तेलाचा मुठीत वळलेला पांढरा गोळा स्टीलच्या वाटीत घालून पेटीत ठेवला. मुठेल ३८ ते ४० अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे आधी गोळ्याच्या कडा पारदर्शक झाल्या आणि मग उरलेला पांढरा खडा तेलात तळाशी बसून राहिला. पाण्यावर बर्फ तरंगतो तसा तो तरंगला नाही, कारण मुठेल गोठताना आकसते आणि जड होते. गाळून ठेवलेले तेल रात्री पुन्हा घट्ट झाले. टाचांच्या भेगांना ते नेहमीप्रमाणे उपयोगी पडले, हे ओघाने आले.

तक्रारी दोन आहेत. सोबत आलेल्या प्लास्टिकच्या जाळ्या एका दुपारी पेटी रिकामी राहिली तेव्हा मधोमध खोलगट झाल्या. आत ओली सोले असताना बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. रिकाम्या पेटीत तिला दुसरे कामच नसते. विक्रेत्याने ‘रिकामी उन्हात ठेवायची नसते’ असे तेव्हा सांगितले. विकताना सांगितले असते, तर जाळ्या वाचल्या असत्या. त्यांच्या जागी मी बांबूच्या कामट्यांच्या जाळ्या करून घेतल्या. दुसरी तक्रार तळाच्या पत्र्याची आहे: खारट, आंबट आगळ जिथे जिथे ठिबकले, तिथे अॅल्युमिनियमला बारीक खड्डे पडले. आता खाली केळीचे पान अंथरते.

जुलै-ऑगस्टमध्ये पेटी जवळजवळ निरुपयोगी ठरली. तिच्यात दमट झालेली मिरची ठेवून पाहिली, पण ढगाळ दिवशी आतले तापमान बाहेरच्यापेक्षा जेमतेम चार-पाच अंशांनी वाढत होते. दसऱ्यानंतर ती पुन्हा अंगणात आली असून सध्या खालच्या जाळीवर आवळ्याच्या फोडी आहेत, आणि दोन्ही झडपा पूर्ण उघड्या आहेत.