खळ्यातले आणि गच्चीवरचे लाईट, काम बेस्ट पण वेळेत सांगा

रत्नागिरीतल्या एका छोट्या इलेक्ट्रिक दुकानातून खळ्यात (म्हणजे अंगणात) आणि गच्चीवर लाईट करून घेतले, काम मस्त झालंय. मालक स्वतः घरी आले आणि पहिलं काय विचारलं तर समुद्र किती लांब, कारण खाऱ्या वाऱ्यात लोखंडी फिटिंग गंजतंच पण नेहमीचं ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील पण डागाळतं, म्हणून पितळी आणि जास्त टिकणाऱ्या ३१६ ग्रेडच्या स्टीलचे दिले. महाग आहेत, पण ठीके. आयपी ६५ (धूळ-पाणी किती अडवतं त्याचा आकडा) च्या खालचं उघड्यावर लावूच नका म्हणाले, आणि पागोळ्यांचं पाणी साचतं तिथे जमिनीत गाडायचे ते आयपी ६७ चे. पांढरा झगझगीत मागितला तर सरळ नाही, ३००० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळसर) आतला पिवळसर घ्या, किडे कमी येतात (पहिल्या पावसातल्या वाळवीच्या पाखरांना कोण अडवणार म्हणा!). ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) तापलेल्या पत्र्याखाली न ठेवता सावलीत, हवा खेळेल असा बसवला, उष्णतेने बऱ्याचदा तोच आधी उडतो. सोलरवाले पण ठेवतात ते, पण पावसाळ्यात चार्जिंगची बोंब, आम्ही फक्त गडग्यापाशी (दगडी कुंपणापाशी) दोन लावलेत. एकच तक्रार, गणपतीच्या तोंडावर माणूस मिळत नाही, मे मध्येच सांगून ठेवा.